बाळाची पहिली गोधडी : जुने सुती कापड, साधा धावदोरा आणि थोडी सावधगिरी

वास्कोहून दिल्लीकडे निघालेली गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडून खांडव्याच्या दिशेने धावू लागली, की रावेरनंतर थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते आणि बुऱ्हाणपूर येते. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी इतिहासाने ते खानदेशचे आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी; पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचेही हेच ठाणे. शहरात आणि भोवतालच्या गावांत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. केळी, कापूस आणि यंत्रमाग ही या भागाची ओळख. कापड हा येथील शेकडो वर्षांचा व्यवसाय आहे.

अशा कापडाच्या मुलुखातही मराठी घरात बाळ येणार असले, की नव्या ठाणाआधी आठवण होते ती आजीच्या पेटीतील जुन्या लुगड्याची. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला कोरे कापड लावू नये, अशी रीत अनेक घरांत पाळली जाते. ही रीत केवळ भाबडी नाही. तिच्यामागे कापडाचे शास्त्र आहे. ते समजून घेतले, तर ज्याने आजवर सुईत दोराही ओवलेला नाही, अशा व्यक्तीलाही दहा-बारा दिवसांत बाळासाठी चांगली गोधडी शिवता येते. त्यासाठी शिवणयंत्र, महागडे कापड किंवा नक्षीकामाचे कसब लागत नाही. कोणते कापड घ्यावे, ते कसे जोडावे आणि तयार गोधडी बाळासाठी कशी वापरावी, या तीन गोष्टींची नीट माहिती मात्र हवी.

बुऱ्हाणपूर आणि कापड

बुऱ्हाणपूर हे नाव सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्याने हे शहर वसवले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शहर मोगलांकडे गेले. दख्खनच्या मोहिमांचा तळ येथे पडू लागला. त्याबरोबर व्यापारही वाढला. सतराव्या शतकाच्या मध्यास येथून प्रवास केलेला फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निये याने बुऱ्हाणपूर परिसरात विणल्या जाणाऱ्या अतितलम, पारदर्शक मलमलीची नोंद केली आहे. हे कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. रंगवलेल्या सुती कापडाच्या त्या काळच्या काही मोठ्या बैठकी आज परदेशी संग्रहालयांत बुऱ्हाणपूरच्या नावाशी जोडल्या जातात.

याच शहरात १७ जून १६३१ रोजी मुमताज महलचे चौदाव्या बाळंतपणात निधन झाले. तिचा पार्थिव देह प्रथम तापीपलीकडील झैनाबादच्या बागेत ठेवण्यात आला आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेण्यात आला. त्या वेळी जन्मलेली मुलगी गौहर आरा मात्र जगली आणि १७०६ पर्यंत जगली. बादशाही छावणी, हाताशी वैद्य आणि जगात नावाजलेले कापड असूनही आई वाचू शकली नाही. बाळंतपणाची जोखीम कापडाने टळत नाही. ती वैद्यकीय देखरेखीनेच कमी होते. जन्मानंतरच्या काळजीत कापडाचा वाटा लहान आहे; मात्र तो दररोजचा आहे. तेवढा तरी नीट उचलला जावा, एवढीच अपेक्षा.

कोरे कापड का नको

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवरून उतरणारे कापड ‘कोरे’ असते. मागावर उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, सतत ओढ आणि घर्षण सोसावे लागते. धागा तुटू नये म्हणून विणण्यापूर्वी त्याला खळ दिली जाते. या खळीमुळे कापड कडक, खरखरीत आणि पाणी न शोषणारे होते. पुढे खळ काढणे, विरंजन करणे, रंगवणे आणि शेवटचे तकतकीत रूप देणे अशा प्रक्रिया होतात. दुकानात ठाण दिसते तेव्हाही त्यावर कडकपणा आणणारी द्रव्ये किंवा सुटा रंग उरलेला असू शकतो.

नवजात बाळाची त्वचा मोठ्या माणसापेक्षा पातळ आणि नाजूक असते. म्हणून त्याच्या अंगाखालचे कापड मऊ, ओलावा शोषणारे आणि रंग न सोडणारे हवे. जुन्या सुती लुगड्यात हे तिन्ही गुण आयते असतात. शेकडो धुण्यांत खळ निघून गेलेली असते, सुटा रंग वाहून गेलेला असतो, सूत मोकळे झालेले असते आणि कापड जेवढे आटायचे तेवढे आटलेले असते. मागावर जे साधत नाही, ते घरातील वापराने साधते. नवशिक्यासाठी याचा आणखी एक फायदा म्हणजे कापड मऊ असल्यामुळे सुई सहज जाते आणि चुकले तरी फारसे नुकसान होत नाही.

घरात जुने सुती कापड नसेल, तर नवे मलमल किंवा केंब्रिक वापरता येते. पण कापण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवावे, नंतर गरम पाण्यात सौम्य साबणाने दोन-तीन वेळा धुवावे आणि उन्हात वाळवावे. खळ गेली की कापड हाताला सैल लागते आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब लगेच जिरतो. न धुतलेले नवे आणि जुने कापड एकत्र जोडू नये. पहिल्याच धुण्यात नवे आटते आणि गोधडी गोळा होते.

गोधडी, दुपटे, कौदी आणि कवंदी

जुन्या वस्त्रांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवण्याची पद्धत भारतात सर्वदूर आहे. मराठीत गोधडी आणि वाकळ, कानडीत कौदी, हिंदी पट्ट्यात गुदडी किंवा कथरी, बंगालमध्ये कांथा आणि बिहारमध्ये सुजनी अशी तिची नावे आहेत. बिहारची सुजनी तर परंपरेने नवजात बाळासाठीच शिवली जाई. मराठी घरात बाळाच्या लहान पातळ पांघरुणाला दुपटे म्हणतात. दुपट्यात एक किंवा दोन थर असतात, तर गोधडीत तीन किंवा अधिक. दुपटे गुंडाळण्यासाठी आणि गोधडी अंथरण्यासाठी, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गोव्याचा या परंपरेशी जुना संबंध आहे. १५८३ मध्ये गोव्यात आलेला आणि सुमारे पाच वर्षे येथील आर्चबिशपांच्या सेवेत राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने आपल्या प्रवासवर्णनात गुजरातकडील मालाचे वर्णन करताना रेशमी आणि सुती टाक्यांच्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख केला आहे. त्यांच्यासाठी त्याने पोर्तुगीज ‘कोल्शा’ या शब्दाबरोबर ‘गोदोरीन’ हा देशी वाटणारा शब्दही दिला. गोधडी किंवा गुदडी या शब्दाचे ते परदेशी कानाने टिपलेले रूप होय. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हा शब्द युरोपीय छापखान्यात पोहोचून सव्वाचारशे वर्षे होऊन गेली.

दुसरा दुवा अधिक जवळचा आणि वेदनेचा आहे. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी अनेक जण गोव्यातून निसटून या जंगलपट्ट्यात स्थिरावले. आजच्या सिद्दींपैकी अनेकांचे ते पूर्वज. या समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. तिची रीत वेगळी आहे. शिवण एका कोपऱ्यापासून कडेकडेने सुरू होते आणि फेऱ्या घेत घेत मध्यभागी येऊन संपते. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावली जातात. त्यांच्याशिवाय कवंदी पूर्ण मानली जात नाही. बाळांसाठी लहान कवंद्याही शिवल्या जातात. ज्यांच्याकडून सारे हिरावून घेतले गेले, त्यांनी चिंध्यांतून उभी केलेली ही कला आज जगभरातील प्रदर्शनांत मांडली जाते.

लागणारे साहित्य

पुढे दिलेली मापे ३० इंच रुंद आणि ४० इंच लांब (सुमारे ७५ बाय १०० सेंटिमीटर) गोधडीसाठी आहेत. नवशिक्याला हे माप झेपते आणि बाळ दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत ते पुरते.

कापड : एक जुनी सुती सहावारी साडी. साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर आणि पन्हा ४५ इंच असतो. तीन थरांना सुमारे अडीच मीटर कापड लागते, त्यामुळे विरलेला भाग टाकूनही एका साडीत काम भागते. मऊ धोतर किंवा पंचा मधल्या थराला चालतो. गोव्याच्या दमट हवेत तीन थर पुरेसे आहेत. बुऱ्हाणपूरसारख्या कोरड्या, हिवाळ्यात बऱ्यापैकी थंडी पडणाऱ्या भागात चार थर घेतात. मध्ये कापूस किंवा कृत्रिम तंतूंची गादी भरू नये. अशी गोधडी जाड होते, वाळायला वेळ घेते आणि दमट हवेत तिला बुरशी लागते.

दोरा : मध्यम जाडीचा सुती दोरा. नायलॉनचा दोरा मऊ कापड कापतो, म्हणून तो टाळावा. तात्पुरत्या टाक्यांसाठी वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचे रीळ घ्यावे.

इतर : मध्यम सुया, टाचण्या, अंगुस्तान, कात्री, मोजपट्टी आणि खडू. मोठ्या गोधडीसाठी वापरले जाणारे दाभण येथे नको. त्याची भोके मोठी पडतात. सुया आणि टाचण्या मोजून घ्याव्यात आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. याचे कारण पुढे येईल.

कृती

१. कापडाची परीक्षा. साडी उजेडात धरून पाहावी. जेथे वीण विरळ झालेली दिसेल, तो भाग बाजूला काढावा; बहुधा निऱ्यांचा खालचा भाग आणि बसण्याची जागा विरलेली असते. कापड सुती आहे की नाही याची शंका असेल, तर काठाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कठीण मणी बनतो. मणी झाल्यास ते कापड बाळासाठी वापरू नये. पांढरे ओले फडके घासून रंग सुटत नाही ना, हेही पाहावे. जर, टिकल्या, मणी, बटणे, लोकरीचे गोंडे असलेला प्रत्येक भाग काढून टाकावा.

२. धुणे. सर्व कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसेल, तर पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवावी.

३. कापणे. तळाचा थर ३४ बाय ४४ इंच आणि मधला व वरचा थर प्रत्येकी ३० बाय ४० इंच कापावा. तळाचा थर चारही बाजूंनी दोन इंच मोठा राहतो. त्याचाच पुढे गोट होतो. कापताना कापडातील एक आडवा धागा ओढून काढावा. धागा निघाला की तेथे बारीक रेघ दिसते. त्या रेघेवरून कात्री चालवावी. कापड फाडून घेण्याची सवय पुष्कळांना असते, पण जुने कापड भलतीकडेच फाटत जाते.

४. थर लावणे. स्वच्छ फरशीवर तळाचा थर उलट्या बाजूने पसरावा आणि त्याची टोके चिकटपट्टीने फरशीला लावावीत. त्यावर बरोबर मध्यभागी मधला थर आणि त्यावर वरचा थर सुलट ठेवावा. मध्यापासून कडांकडे तळहात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. येथे घाई केली, तर पुढे कितीही नीट शिवले तरी चुणी राहते.

५. कच्चे टाके. मध्यापासून बाहेर, उभे-आडवे, सुमारे चार इंच अंतराने, लांब टाक्यांनी सर्व थर एकत्र पकडावेत. फक्त टाचण्यांवर विसंबू नये. गोधडी उचलताना थर सरकतात.

६. धावदोरा. खडूने लांबीच्या दिशेने दीड-दीड इंचावर रेघा आखाव्यात. अशा १९ रेघा होतात. पहिली ओळ मधल्या रेघेवर घालावी, नंतर आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे जावे. असे केल्याने कापडाचा फुगवटा कडेकडे सरकतो आणि मध्ये गोळा होत नाही. टाका पाव इंचाचा, मधले अंतरही पाव इंचाचे. एका वेळी हातभर, फार तर दीड हात दोरा ओवावा; लांब दोऱ्याला गाठी पडतात. सुई तिन्ही थरांतून आरपार गेली की नाही, हे दर काही टाक्यांनी उलट बाजू पाहून तपासावे. दोरा घट्ट ओढू नये. कापड चुरगळेल इतकी ओढ चुकीची आणि टाक्याखाली बोट शिरेल इतकी ढिलाई धोक्याची.

एकूण सुमारे १९ मीटर लांबीची शिवण आणि दीड हजारांच्या आसपास टाके भरतात. आकडा मोठा वाटतो. पण दिवसाला दोन ओळी घातल्या, तर दहा दिवसांत काम संपते. पहिल्या दोन-तीन ओळींचे टाके वेडेवाकडे येतात. ते उसवू नयेत. चौथ्या-पाचव्या ओळीपासून हात आपोआप बसतो.

७. गाठी लपवणे. ओळीच्या सुरुवातीला सुई एक इंच अलीकडे फक्त वरच्या थरातून घालावी, रेघेवर बाहेर काढावी आणि हलका हिसका द्यावा. गाठ दोन थरांच्या मध्ये जाऊन बसते. शेवटी त्याच जागी तीन बारीक उलटे टाके घालावेत, सुई थरांमधून इंचभर पुढे नेऊन बाहेर काढावी आणि दोरा कापडालगत कापावा. वर गाठ किंवा शेपूट राहू देऊ नये.

८. गोट. तळाच्या थराचा बाहेर राहिलेला दोन इंचांचा भाग प्रथम एक इंच आत दुमडावा, मग पुन्हा एक इंच दुमडून वरच्या थरावर आणावा. टाचण्या लावून बारीक तुरपाईने शिवावे. आधी दोन लांब बाजू, नंतर दोन आखूड बाजू घ्याव्यात. कोपऱ्यावर जाडी फार झाली, तर आतील थोडे कापड छाटावे. झालर किंवा लेस लावू नये.

९. मोजणी. कच्चे टाके काढावेत. सुया आणि टाचण्या मोजून कागदावरील आकड्याशी जुळवाव्यात. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत गोधडी बाळाजवळ नेऊ नये. दोन्ही बाजूंवरून तळहात सावकाश दाबून फिरवावा. शक्य असल्यास लोहचुंबकही फिरवावा. शिवताना सुई मोडली असेल, तर तिचे दोन्ही तुकडे मिळालेच पाहिजेत.

१०. शेवटचे धुणे. गोधडी कोमट पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी. खडूच्या रेघा जातात, टाके कापडात बसतात आणि गोधडीला तिचा ओळखीचा सुरकुतलेला पोत येतो.

तुकड्यांची गोधडी करायची असल्यास

पहिली गोधडी अखंड कापडाचीच करावी. दुसऱ्या वेळी वरचा थर तुकड्यांचा करता येतो. साडेपाच इंचांचे ४८ चौकोन कापून आडवे सहा आणि उभे आठ असे जोडावेत. प्रत्येक जोडात दोन्हीकडून पाव इंच कापड जाते, त्यामुळे शिवल्यावर चौकोन पाच इंचांचा भरतो आणि माप तेच राहते. कडेचा पाव इंच गोटाखाली झाकला जातो. आधी सहा-सहा चौकोनांच्या आठ पट्ट्या कराव्यात, मग पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात. सर्व तुकडे सारख्या जाडीचे असावेत. जाड सदऱ्याचा तुकडा तलम साडीला जोडला, तर पातळ कापड शिवणीलगत फाटते.

बाळाला निजवताना

गोधडी कितीही हौसेने शिवलेली असो, ती कशी वापरली जाते यावर बाळाची सुरक्षितता अवलंबून आहे. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. पहिल्या वर्षात बाळाला झोपताना पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर निजवावे. त्याच्याजवळ सैल पांघरुणे, उशा किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. सैल कापड तोंडावर आले, तर तान्हे बाळ ते स्वतः दूर करू शकत नाही आणि श्वास अडू शकतो.

म्हणून पहिल्या वर्षात गोधडी झोपलेल्या बाळाच्या अंगावर घालू नये. जाग्या बाळाला जमिनीवर खेळवताना, पालथे पडण्याचा सराव देताना, तेल लावताना किंवा मांडीवर घेताना ती अंगाखाली अंथरावी. मोठे माणूस मात्र जवळ असावे. झोपण्याच्या जागी अंथरायची असल्यास ती पातळ असावी, ताणून बसवावी आणि कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात. दुमडून, जाड थर करून मऊ बिछाना बनवू नये. थंडी असेल, तर पांघरुणाऐवजी अंगावर कपड्यांचा एक थर वाढवावा.

दुसरी सावधगिरी दोऱ्याची. तान्ह्या बाळाच्या हातापायाच्या बोटाला केस किंवा सुटा दोरा गुंडाळला गेला, तर तो रुततो आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडतो. बाळ कारण कळत नसताना रडत असेल, तर हातापायांची बोटे एकेक करून पाहावीत. बोट सुजलेले किंवा लाल-निळे दिसले आणि दोरा सहज निघाला नाही, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. वर टाक्यांची लांबी आणि गाठी लपवण्यावर इतका भर दिला आहे, तो याच कारणाने. दर धुण्यानंतर सुटलेले दोरे तपासून कापण्याची सवय ठेवावी.

धुणे आणि दुरुस्ती

बाळाची गोधडी वारंवार भिजते, म्हणून एकीपेक्षा दोन असाव्यात. साबणाचा अंश राहू नये यासाठी ती दोन पाण्यांतून खळबळून घ्यावी. सुवासिक मऊकारक द्रव्ये टाळावीत. कोकणातील पावसाळ्यात तीन थरांची गोधडी पंख्याखाली दिवसभरात वाळते. ओलसर असताना घडी घालून ठेवू नये. ठेवणीत टाकताना डांबराच्या गोळ्या वापरू नयेत. त्यांतील द्रव्य तान्ह्या बाळांना अपायकारक ठरू शकते. त्याऐवजी वाळलेला कडुलिंबाचा पाला स्वच्छ फडक्यात बांधून पेटीत ठेवावा आणि वापरण्यापूर्वी गोधडीला ऊन दाखवावे.

कोठे कापड विरले, तर त्यावर जुन्या कापडाचे ठिगळ ठेवून त्याच अंतराने धावदोरा घालावा. ठिगळ हे गोधडीचे वैगुण्य नव्हे, तिच्या रचनेचाच तो भाग आहे. बाळ मोठे झाल्यावर ही गोधडी फेकून देण्याची गरज पडत नाही. टाके पक्के असतील, तर तीच पुढच्या मोठ्या गोधडीचा मधला थर होते. मराठी घरांतील कित्येक वाकळी उसवून पाहिल्या, तर आत आधीच्या पिढीची एखादी लहान गोधडी सापडते. तिचे टाकेही पहिल्या दोन-तीन ओळींत वाकडेच असतात.